बंद पाकिटातली पाच नावं

१

ताटं वाढून झाली होती, सासूबाई पेल्यांत पाणी ओतत होत्या, तेवढ्यात दिरानं मोबाइल काढला आणि पाच नावं वाचून दाखवली. पाचही वेबसाइटची. पहिलं एका महिला सल्ला केंद्राचं. नवऱ्यापासून वेगळं व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करावी, हे तिथे सांगतात. दुसरं वसतिगृहाचं, तिसरं कौटुंबिक न्यायालयाचं, चौथं एका शाळेचं आणि पाचवं शिलाई मशीन विकणाऱ्या दुकानाचं.

शेवटची चार ऐकून त्या घरची सून, शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, चक्रावल्या. ती पानं त्यांनी उघडलीच नव्हती. पण तसं म्हणायची सोय नव्हती, कारण पहिलं नाव खरं होतं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. नवरा मान खाली घालून जेवत राहिला. सासूबाई म्हणाल्या, मशीनपर्यंत मजल गेलीय म्हणजे बेत पक्का दिसतो.

दुसऱ्या दिवशी बाई एक बॅग घेऊन धाकट्या बहिणीकडे गेल्या आणि तिथून त्यांनी एका कंपनीला चार ओळी लिहिल्या. कंपनी ब्राउझर बनवायची. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘तुम्ही कुठे जाता, ते फक्त तुम्हाला ठाऊक.’ बाईंनी जाहिरातीवर विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी मदतकक्षाला आधी विचारून घेतलं होतं की मी अमुक केंद्राचं पान बघणार आहे, घरच्यांना कळेल का. मदतकक्षातून उत्तर आलं होतं, अगदी निश्चिंत राहा, कुणालाही कळणार नाही.

आता बाईंनी लिहिलं होतं, ‘केंद्राचं नाव मी जगात फक्त तुम्हाला सांगितलं होतं. तुमच्यातलं कोण बोललं, एवढंच कळवा.’

२

मालकाचा हिशेब सरळ होता. ब्राउझर बोलला म्हणावं तर कंपनी बुडते. माणूस बोललं म्हणावं तर एक माणूस जातं. शुक्रवारी एका मोठ्या रुग्णालय-समूहाशी करार व्हायचा होता. त्यांच्या सगळ्या संगणकांवर हाच ब्राउझर बसणार होता, आणि तोही याच जाहिरातीच्या जोरावर. तेव्हा कुठली बाजू स्वस्त पडते हे ठरवायला मालकाला चहा संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही.

जाणारं माणूस कोण हेही आयतं होतं. बाईंना ते उत्तर लिहिणारी मदतकक्षातली ताई. गुपित तिला एकटीलाच माहीत होतं. वर तिचा भाऊ आणि बाईंचा दीर एकाच जिममध्ये जातात असं कुणीतरी शोधून काढलं. ऑफिसात कामाच्या गोष्टी शोधायला महिने लागायचे, पण हे दुपारपर्यंत सापडलं.

फक्त वकिलानं खोडा घातला. चौकशी झाली असं कागदावर दिसलं पाहिजे, म्हणाला. मालकानं मग आपल्या आत्याला बोलावलं. आत्या घरचीच, रिकामी, आणि जन्मभर विमा कंपनीत जळलेली गोदामं तपासलेली. शिवाय तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, हा मालकाच्या दृष्टीनं तिचा मोठाच गुण होता.

आत्या आली ती कुरकुरतच. लिफ्ट बंद. वर आली तर खुर्ची डगमगती. मालकानं सगळं सांगितलं आणि गुरुवारपर्यंत दोन पानं लिहून दे म्हणाला. आत्यानं पाऊस येईल का हे बघायला मोबाइल काढला, तर पान उघडेना. वायफायच्या दांड्या पूर्ण, आणि पान कोरं. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, पाहुण्यांचं इथे असंच होतं, काही मनावर घेऊ नका.

“ब्राउझर बनवणाऱ्या ऑफिसात ब्राउझर चालत नाही,” आत्या म्हणाली. “छान आहे.”

मालक हसला. त्याला ते थट्टेसारखं वाटलं.

३

ताई रडली नाही. रडली असती तर आत्याला सोपं गेलं असतं. ती फक्त चिडलेली होती, आणि चीड दाबून बोलणाऱ्या माणसासारखी नको इतकी नम्र झाली होती. नोकरी जाईल याचं दुःख आहेच, म्हणाली, पण नोकरी दुसरी मिळते. चुगलखोर म्हणून गेले तर या कामात मला पुन्हा कुणी फोनसुद्धा उचलू देणार नाही. लोक आम्हाला काय काय सांगतात आत्या, नवऱ्याला सांगत नाहीत ते सांगतात.

भावाचं विचारलं तर ताई म्हणाली, भाऊ जिममध्ये पैसे भरून आला, गेला मात्र नाही.

मग आत्यानं चित्रकलेच्या बाईंना फोन लावला. बाई आधी बोलायलाच तयार नव्हत्या. तुमच्याच कंपनीचा माणूस तुमच्याच कंपनीला दोषी कसा धरेल, असं त्यांनी तोंडावर विचारलं, आणि आत्याला तो प्रश्न आवडला. हळूहळू बाईंनी टेबलावरचा प्रसंग सांगितला. पाच नावं सांगितली. चार पानं आपण उघडलीच नव्हती हेही सांगितलं.

“ती नावं तुम्ही आधी कुठे पाहिली तरी होती का?” आत्यानं विचारलं.

बाईंनी जरा आठवलं. केंद्राच्या पानावर खाली लिंक होत्या, म्हणाल्या. वसतिगृह, न्यायालय, वर्षाच्या मध्ये मुलांना घेणारी शाळा, आणि केंद्राला मशीनं देणगी देणारं ते दुकान. दिसल्या होत्या, पण बोट लावलं नव्हतं.

फोन ठेवून आत्यानं पाचही नावं एका कागदावर उतरवली. ताईला केंद्राचं नाव माहीत होतं. बाकीची चार तिला कुणी सांगितलेलीच नव्हती, तर ती भावाला काय सांगणार? आणि मागून डोकावून बघणाऱ्यालाही न उघडलेलं पान दिसत नाही.

आत्या मालकाकडे गेली आणि म्हणाली, “ताईला काढायचं पत्र लिहिलं असशील तर फाडून टाक.”

“अगं, मग बोललं कोण?”

“तेच तर. ज्यानं सांगितलं त्याला बाईंपेक्षा जास्त माहीत होतं.”

४

कंपनीत दोन मोठी माणसं होती. एकाला सगळे घाई म्हणायचे, दुसऱ्याला कडी. घाईचं काम ब्राउझर पळवायचं, कडीचं काम त्याचं तोंड बंद ठेवायचं. दोघं एकमेकांशी फक्त मीटिंगमध्ये बोलायचे, आणि तिथेही मालकाकडे बघून.

आत्यानं दोघांना समोरासमोर बसवलं आणि लहान मुलाला सांगाल तसं सांगा म्हणाली. कडीनं सांगितलं. कुठलीही साइट उघडायची तर ब्राउझरला आधी तिचा पत्ता विचारावा लागतो. साधा ब्राउझर तो घरातल्या वायफायच्या डब्याला विचारतो, मोठ्यानं. डबा ज्याचा, त्याला तो प्रश्न ऐकू जातो. डब्याबरोबर हल्ली ॲप येतं, त्यात नावं दिसतात. बाईंच्या दिराकडे तेच असणार. आपला ब्राउझर मात्र प्रश्न बंद पाकिटात घालून लांबच्या एका विश्वासू ठिकाणी पाठवतो. वाटेत कुणाला वाचता येत नाही.

आणि न उघडलेल्या पानांचं काय, असं आत्यानं विचारताच कडीनं घाईकडे बोट केलं. यांना विचारा, म्हणाला, मी दोन वर्षं हेच ओरडतोय.

घाई भडकला. त्याचं म्हणणं असं की पानावर ज्या लिंक दिसतात त्यांचे पत्ते ब्राउझर आधीच विचारून ठेवतो, म्हणजे माणसानं बोट लावताच पान उघडतं. सगळं जग हे करतं. आणि तेही बंद पाकिटातच जातं, तुम्हीच ते करायला लावलं. लांबून उत्तर यायला जो उशीर होतो त्याच्या शिव्या मी खातो, आणि पुण्य तुमच्या नावावर.

आत्यानं मनातल्या मनात जमाखर्च मांडला. पाच नावांचं कोडं सुटलं होतं. ती नावं ब्राउझरनंच आधी विचारून ठेवली होती. पण विचारली ती बंद पाकिटात. मग दिराला कशी कळली? कडीचा तर यात फायदाच होता, गळती झाली की त्याचं दोन वर्षांचं ओरडणं खरं ठरतं. मुद्दाम फट ठेवायला एवढं कारण पुरतं. आत्यानं त्याला ते तोंडावर विचारलं.

कडीनं रागानं पडद्यावर एक तक्ता उघडला. ऑफिसातल्या खोलीत रोज चाचणी होते, म्हणाला. आलेलं प्रत्येक उत्तर यात नोंदलं जातं, पाकिटातून आलं की डब्याकडून. डब्याकडून आलेली उत्तरं शून्य. कालची शून्य, महिन्याची शून्य. पाहिजे तर इथे बसून बघा.

आत्या बसून राहिली. संध्याकाळपर्यंत शून्य.

५

गुरुवार उजाडला आणि कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. मालक दर तासाला डोकावून विचारत होता, झालं का. आत्यानं नको ते उघड केलं होतं, ताई निर्दोष म्हणून, आणि बदल्यात दिलं काहीच नव्हतं. घाई म्हणत होता बाईच खोटं बोलतायत. कडी म्हणत होता माझा तक्ता खोटं बोलत नाही. ताई आपल्या जागेवर हेडफोन लावून बसली होती, पण तिच्याकडे येणारे फोन मालकानं दुसरीकडे वळवले होते. दिवसभर ती गप्प यंत्रासमोर बसली.

मालक शेवटी म्हणाला, “आत्या, आता पुरे. बाकीच्या चार नावांचं जाऊ दे. पहिलं नाव ताईनंच सांगितलं असेल, बाकीचं दिरानं स्वतः शोधलं असेल. लिहून टाक.”

हे पटण्यासारखं होतं, आणि तीच पंचाईत होती. गोदाम जळालं की इतर लोक काय जळलं ते बघायचे, आत्या काय जळलं नाही ते बघायची. अर्धी नोकरी तिनं त्यावर काढली होती. इथे काय जळलं नव्हतं? ऑफिसातली ती खोली. बाईंच्या घरात आग, आणि या खोलीत साधा धूरही नाही.

घरी जायची शेवटची बस बघायला तिनं मोबाइल काढला. पुन्हा कोरं पान. आत्याचा संयम सुटला. तिनं कडीला हाक मारली आणि हा फोन माझ्या घरी चालतो, बसमध्ये चालतो, इथेच का मुका होतो ते आधी सांग म्हणाली.

कडीचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा उजळला. “ते मीच केलंय. इथला वायफायचा डबा मुद्दाम मुका ठेवलाय. मोठ्यानं विचारलेल्या प्रश्नाला तो उत्तरच देत नाही. तुमचा ब्राउझर साधा, तो डब्याला विचारतो आणि अडकतो. आपला ब्राउझर कधी चुकून डब्याला विचारायला गेला, तर तोही असाच अडकेल आणि मला लगेच कळेल.”

“कधी अडकला?”

“एकदाही नाही.”

आत्यानं फोन टेबलावर ठेवला. “तुझ्या तक्त्यात काय मोजतोस म्हणालास? आलेली उत्तरं ना?”

“हो.”

“आणि डबा मुका. विचारलं तरी त्याचं उत्तर येणारच नाही.”

कडीनं वळून तक्त्यातल्या शून्याकडे बघितलं.

“ज्या खोलीत आग लागूच शकत नाही,” आत्या म्हणाली, “तिथे तू वर्षभर घंटा वाजत नाही म्हणून खूश आहेस. दोघंही खाली चला.”

घाईनं विचारलं, कुठे.

“केस कापायला.”

६

इमारतीच्या तळमजल्यावर केशकर्तनालय होतं. गिऱ्हाइकांसाठी फुकट वायफाय, असा कागद आरशावर चिकटवलेला. घाईला टक्कल, म्हणून खुर्चीत कडी बसला. आत्यानं त्याच्या हातात कंपनीचा ब्राउझर असलेला फोन दिला, दुकानाचं वायफाय लावायला सांगितलं, आणि केंद्राचं पान उघड म्हणाली. दुसरं काही उघडू नकोस.

पान झटकन उघडलं. घाईनं सवयीनं समाधानाची मान हलवली.

कारागीर कैची चालवत होता. त्याचा स्वतःचा मोबाइल फणीशेजारी पडला होता. शेजारची पोरं वायफायवर काय काय बघतात यावर लक्ष ठेवायला त्यानं ते ॲप घेतलं होतं, नवं नाव आलं की फोन थरथरायचा. तो थरथरला. मग पुन्हा, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. कारागिरानं वाकून बघितलं, कैची थांबवली आणि कडीच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, “साहेब, मी कुणाजवळ बोलणार नाही. पण वकील हवा असेल तर माझे साडू ही कामं करतात.”

कडीचं अजून लग्नही झालं नव्हतं.

“आणि मशीन नवं घेऊ नका,” कारागीर म्हणाला. “जुनं चांगलं मिळतं.”

आत्यानं त्याचा मोबाइल बघायला मागितला. केंद्र, वसतिगृह, न्यायालय, शाळा, दुकान. पाचही. आणि कडीच्या हातातल्या फोनवर नोंद होती की पाचही उत्तरं बंद पाकिटातून आलेली वापरली.

दुकानातच दोघं जुंपले, एकाचे अर्धे केस कापलेले. पण भांडता भांडता आत्याला हवं ते सगळं बाहेर आलं. वर्षापूर्वी मोठी मीटिंग झाली होती. घाईला राखीव उत्तर हवं होतं, लांबचं उत्तर आलंच नाही तर पान अडकू नये म्हणून डब्याकडचं हाताशी असावं. कडी म्हणाला, चालेल, पण पाकिटातलं उत्तर पूर्ण फसलं तरच ते वापरायचं. दोघांनी मान हलवली. मालक म्हणाला, दोघांचंही खरं करा आणि मला जाहिरात छापू द्या.

कडीनं वापरण्याचा भाग लिहिला, पाकीट फसलं तरच. घाईनं विचारण्याचा भाग लिहिला. फसल्यावर विचारत बसलो तर राखीव कसलं, म्हणून त्यानं दोन्हीकडे एकदमच विचारायला लावलं. प्रत्येक नाव लांब पाकिटात जायचं, आणि त्याच क्षणी घरच्या डब्यालाही मोठ्यानं विचारलं जायचं. डब्याचं उत्तर आलं की ते न वाचता फेकून द्यायचं. वापरायचं कधी ते ठरलं होतं. विचारायचं कधी, हे मीटिंगमध्ये कुणाच्या तोंडातून निघालंच नाही, आणि मीटिंगबाहेर ते एकमेकांशी बोलत नव्हते.

“मला वाटलं, तो फसल्यावरच विचारतो,” कडी म्हणाला.

“तू मला विचारलंस का?” घाई म्हणाला.

आत्या म्हणाली, “तुमच्यापेक्षा तो ब्राउझर बरा. दोघांना विचारतो तरी.”

७

मालकाला सगळं पटलं, त्यामुळेच तो जास्त वैतागला. दुरुस्ती गुपचूप करू, करार होऊ दे, मग सांगू म्हणाला. ताईला ठेवतो, पगारही वाढवतो, फक्त गप्प राहा.

आत्यानं दोन पानं लिहून आणली होती. दोषी कोण या जागी तिनं तीन माणसं लिहिली होती, आणि तिसरा तिचा भाचा होता. हे रुग्णालयाच्या लोकांना तू दाखव, म्हणाली, नाहीतर मी दाखवते. मला तिकडे ओळखतात, त्यांचं गोदाम मी तपासलंय. मालकानं बराच वेळ आत्याकडे बघितलं. घरचं माणूस स्वस्तात पडतं हा हिशेब त्यानं कुठे चुकवला, ते शोधत असावा. शुक्रवारचा करार पुढे ढकलला गेला. होईल की नाही, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मोठ्यानं विचारणं त्याच दिवशी बंद झालं. घाई म्हणाला, लांबून उत्तर येईपर्यंत माणूस आता म्हातारा होईल. कडीनं पहिल्यांदा त्याच्याशी सरळ बोलून विचारलं, की निदान लिंकचे पत्ते आधी विचारण्याचं काय करू या. त्यावर दोघं पुन्हा भांडायला बसले, पण या वेळी एका टेबलावर.

ताईचे फोन परत तिच्याकडे वळवले गेले. मालक तिला म्हणाला, तुझ्यावरचा आळ गेला, आता झालं गेलं विसर. ताई म्हणाली, चुगली मी केली नाही हे ठरलं सर, पण कुणालाही कळणार नाही असं मीच लिहिलं होतं. ते कुठे गेलं? मालक लिफ्टबद्दल काहीतरी बोलून निघून गेला.

ताईनं चित्रकलेच्या बाईंना स्वतः फोन लावला. आत्या डगमगत्या खुर्चीत बसून ऐकत होती. ताईनं काय झालं ते सगळं सांगितलं, न गाळता. मग बाईंनी विचारलं, “म्हणजे तुमच्यातलं कुणीच बोललं नाही?”

“नाही,” ताई म्हणाली. “आम्ही सगळे मिळून बोललो.”

बाईंनी ते ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, किंवा राग फोनवर खर्च करायचा नव्हता. त्यांना त्या शाळेचं पान बघायचं होतं, मुलीसाठी. बहिणीच्या घरीही वायफायचा डबा मेहुण्याचाच होता. त्यांनी तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला, आता तरी कुणाला कळणार नाही ना.

ताईनं आत्याकडे बघितलं. मग एकेक शब्द मोजून म्हणाली, “मेहुण्यांच्या डब्याला ब्राउझर आता काही विचारणार नाही. हे मी काल खाली दुकानात बसून स्वतः बघितलंय. बाकी कुणालाच कळणार नाही, असं आता मी म्हणत नाही. शाळेला कळेल की कुणीतरी आलं होतं. आणि पान उघडायला वेळ लागेल.”

“किती?”

“चिडचिड होईल इतका.”

“होऊ दे,” बाई म्हणाल्या. “त्याची मला सवय आहे.”